जाळीमागचं कुंकू

आमच्या घरी पहिल्यांदा येणारा माणूस हॉलमधल्या त्या दोन चपट्या चौकटींकडे बघून हटकून विचारतो, "हे हीटर का?" लोणावळ्याच्या गारठ्यात तसं वाटणं साहजिक आहे. मी सांगतो, हे स्पीकर आहेत, इलेक्ट्रोस्टॅटिक. मग तो नेहमीचा गोल काळा कागदी कोन शोधायला लागतो, तो सापडत नाही, आणि माझी टकळी सुरू होते. बायको तेवढ्यात काहीतरी निमित्त काढून आत निघून जाते, कारण हे पुराण तिचं पाठ झालंय.

पुराण थोडक्यात असं. भोकं पाडलेले दोन पत्रे समोरासमोर, आणि त्यांच्या मधे ताणून बसवलेला एक पारदर्शक पडदा, दुधावरच्या सायीहूनही पातळ. त्या पडद्यावर हजारो व्होल्ट चढवलेले असतात. गाण्याची वीज पत्र्यांवर आली की पडदा मागेपुढे ओढला जातो, आणि त्यातून जो आवाज येतो तो ऐकल्यावर दुसरा कुठलाही स्पीकर डब्यात तोंड घालून बोलल्यासारखा वाटतो. मात्र याच्या खोडीही तशाच. दमट हवा चालत नाही आणि धूळ तर अजिबात चालत नाही. चढलेल्या विजेमुळे तो पडदा हवेतला कण न् कण स्वतःकडे ओढून घेतो, जुन्या टीव्हीची काच धूळ ओढायची तसा. म्हणून पत्र्यांच्या पुढेमागे प्लास्टिकचं एक पातळ आवरण असतं, आणि त्याच्याही बाहेर जाळी. एवढ्या नाजूक वस्तूला लोणावळ्यात आणून ठेवणारा माणूस शहाणा म्हणता येणार नाही, हे मला मान्य आहे.

माझी नोकरी तळेगावच्या एका कारखान्यात मेंटेनन्समध्ये गेली. निवृत्त झाल्यावर सोमाटण्याच्या एका बंगल्यात जुनं सामान विकायला काढलंय असं कळलं, म्हणून एक टेबलफॅन बघायला गेलो होतो. तिथे चादरीखाली हे दोघे उभे. एक मुका, दुसरा दम्याचा रुग्ण. टेबलफॅन राहिला आणि हे घरी आले. एक आख्खा पावसाळा मी त्यांच्यापुढे मांडी घालून बसलो होतो. पडदे नवे ताणले, व्होल्टेज चढवणाऱ्या भागातले फुटके कपॅसिटर बदलले, आणि एके दिवशी दोघेही गायला लागले. बायको म्हणाली, माझ्या डोळ्यांत इतकं पाणी आमच्या मुलीच्या पाठवणीलाही आलं नव्हतं. ते खोटं आहे, पण फार खोटं नाही.

मग मी घरात फतवा काढला. या दोघांना कुणी हात लावायचा नाही. पाहुण्यांनी नाही, नातवंडांनी नाही, बायकोनेही नाही. फक्त मावशींनी पुसायचं, तेही कोरड्या फडक्याने, वरून खाली, दाब न देता.

मावशी म्हणजे आमच्याकडे केर-फरशीला येतात त्या. कुसगावहून चालत येतात. त्यांचे मालक नवलाख उंबरे गावातल्या एका कंपनीत, पहाटेच्या बसने जातात. ते गेले की मावशी निघतात, आमच्याच सोसायटीत आधी शेजारची दोन घरं आणि मग आमचं. कमी बोलणाऱ्या. माझा स्वभाव तापट, नाकावर राग, आणि एकदा तोंड सुटलं की सुटलं. पण मावशींवर ओरडायची वेळ कधी आली नव्हती, कारण त्यांच्या हातून काही चुकतच नसे. फक्त दसऱ्याला त्या सुट्टी घ्यायच्या. दरवर्षी, न चुकता. घरात तोरणं बांधायची, श्रीखंड करायचं, पाहुणे येणार, आणि नेमक्या त्याच दिवशी मावशी नाहीत. मी दरवर्षी कुरकुर करायचो. का घेता सुट्टी, असं मात्र कधी विचारलं नाही.

गेल्या वर्षीचा दसरा झाला आणि दोन-चार दिवसांत बायको पुण्याला मुलीकडे गेली, नातू तापाने आजारी होता म्हणून. घरात मी, माझा चहा आणि माझे स्पीकर. एका सकाळी गाणं लावलं आणि डावा कुरकुरला. आधी टिक टिक, मग कढईत मोहरी तडतडावी तसा आवाज, आणि मग त्याचा सूरच बसला. उजवा आपला खणखणीत, डावा लांबून कुठूनतरी बोलतोय.

पावसाळ्यात झालं असतं तर मी दमटपणाला शिव्या घालून गप्प बसलो असतो. पण बाहेर ऑक्टोबरचं लख्ख कोरडं ऊन होतं. तेव्हा तपासणं आलं. माझ्या हाताखाली जी पोरं शिकून गेली त्यांना मी एकच गोष्ट घोकून घोकून सांगत असे, अंदाज करायचा नाही, तपासायचं. एकेक गोष्ट बाजूला काढायची, शेवटी जे उरेल तो दोष. त्याप्रमाणे आधी मी डाव्या-उजव्या वायरींची अदलाबदल केली. दोष अ‍ॅम्प्लिफायरमध्ये असता तर तडतड उजवीकडे गेली असती, ती गेली नाही. मग व्होल्टेज चढवणारा भाग या स्पीकरचा त्याला आणि त्याचा याला लावून पाहिला. तरी तडतड डावीकडेच. म्हणजे भानगड पॅनेलमध्ये, पत्रे आणि पडद्याच्या चौकटीत. हॉलचे पडदे ओढून अंधार केला आणि जाळीला डोळा लावून बसलो. खालच्या कोपऱ्यात एक बारीक निळी ठिणगी दिसली, विझली, पुन्हा दिसली.

प्लग काढला. हे स्पीकर बंद केले तरी बराच वेळ वीज धरून बसतात, म्हणून शांतपणे चहा प्यायलो. मग जाळी काढली. तिच्यामागचं प्लास्टिकचं आवरण त्या कोपऱ्यात फाटलेलं होतं. ते मला माहीत होतं. उन्हाळ्यातच दिसलं होतं, आणि आज करू उद्या करू म्हणत ठेवून दिलं होतं. आवरण सोडवलं, पॅनेल उघडलं, पडद्यावर टॉर्च मारला.

पडद्यावर लाल भुकटी बसली होती. कोपऱ्यापासून वर पसरत गेलेला लाल डाग, आणि त्याच्या मधोमध ठिणगीने पाडलेलं जळकं भोक. बोटाने टिपून बघितलं. कुंकू.

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. घरात स्पीकरला हात लावणारं एकच माणूस, आणि ते त्या क्षणी स्वयंपाकघराची फरशी पुसत होतं. मी तसाच आत गेलो. काय काय बोललो ते सगळं आता आठवत नाही, आणि जे आठवतं ते लिहायला हात धजत नाही. वस्तू काय आहे कळत नाही तर तिच्या वाटेला जायचं नाही, असं बोललो. इतकी वर्षं विश्वासाने घर उघडं टाकलं त्याचं हे फळ, असंही बोललो. मावशी ओलं फडकं हातात घेऊन उभ्या राहिल्या. एवढंच म्हणाल्या, "मी न्हाई लावलं, भाऊ."

आणि मी त्यावर म्हणालो, "यंत्राची पूजा करायची एवढी हौस असेल तर आपल्या घरी करत जा."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग खाली वाकून राहिलेली फरशी पुसली, दारापर्यंत पुसत आणली. फडकं पिळून मोरीत दांडीवर वाळत घातलं, चपला घातल्या आणि गेल्या. दुसऱ्या दिवशी आल्या नाहीत. मला वाटलं, बरं झालं, चूक कळली.

एवढ्यावर मी थांबलो असतो तरी चाललं असतं. पण जिभेला हाड नाही ना. संध्याकाळी सोसायटीच्या फाटकाशी शेजारची मंडळी उभी होती, त्यांना मी सगळी कथा रंगवून सांगितली. हल्लीच्या बायकांवर घर टाकता येत नाही, तुमच्या घरातल्या महागाच्या वस्तूंवर लक्ष ठेवा, असा वर सल्ला. लोकांनी मान हलवली. आपलं बोलणं ऐकून लोक मान हलवतात तेव्हा काय बरं वाटतं माणसाला! मलाही वाटलं. त्या आठवड्यात शेजारच्या दोन्ही घरांनी मावशींना नको म्हणून सांगितलं. एका घराने तर माझं नाव सांगूनच सांगितलं.

मी आपला कामाला लागलो. जळका पडदा काढून टाकला, पत्रे मऊ ब्रशने साफ केले, नवी फिल्म ताणली, केस वाळवायच्या यंत्राने गरम वारा देऊन सुरकुत्या घालवल्या, वीज धरून ठेवणारा लेप दिला. आवरणही नवं घातलं, जे मी उन्हाळ्यात घालायला हवं होतं. सगळं जागच्या जागी बसवून गाणं लावलं. डावा पुन्हा उजव्यासारखा गायला लागला. मी एकटाच बसून ऐकत होतो आणि स्वतःवर भलता खूश होतो.

बायको परत आली. पिशव्या ठेवल्या न ठेवल्या तोच तिने विचारलं, मावशी कुठायत. मी तिला सगळं सांगितलं, ठिणगी, कुंकू, माझं बोलणं, सगळं. आणि काय सांगू, त्यातही जरा ऐटच होती, बघ कसं शोधून काढलं अशी. ती ऐकत राहिली. माझं संपल्यावर म्हणाली, "अहो, तुम्ही मावशींच्या कपाळाकडे कधी बघितलंय का?"

मला काही समजेना. मग ती बोलत गेली, आवाज न चढवता, आणि तेच जास्त लागलं. मावशी बौद्ध आहेत. त्या कुंकू लावत नाहीत, त्यांच्या घरात कुंकवाचा करंडा नाही. दसरा त्यांचा मोठा दिवस असतो, पांढरी साडी नेसून त्या सगळ्या मिळून विहारात जातात, म्हणून सुट्टी घेतात. वैशाखातल्या पौर्णिमेला दरवर्षी आपल्याकडे डबाभर खीर येते, ती कोण आणतं आणि का आणतं असं तुम्हाला वाटलं होतं? वाटी पुसून खाता की. ज्या दिवशी कुंकू लागलं त्या दिवशी मावशी या घरात नव्हत्याच. आणि हे सगळं सांगून झाल्यावर तिने विचारलं, दसऱ्याला या घरात हत्यारांची पूजा कोण करतं?

मी करतो. कारखान्यात आयुष्यभर केली, दसऱ्याला प्रत्येक मशिनला हळद-कुंकू आणि झेंडूचं फूल. निवृत्त झालो तरी हात थांबले नाहीत. सकाळी अंघोळ करून मीटर, सोल्डरिंगची बंदूक, पकड, स्कूटर, पाण्याची मोटार, मिक्सर, फ्रिज. आणि हॉलमधून जाता जाता हे दोघे. जाळीवर कुंकवाची दोन बोटं ओढली होती, चिमूट सढळ, कारण लाडके. खालच्या कोपऱ्यात, म्हणजे दिसायला वाईट दिसू नये. जिथे आवरण फाटलं होतं, बरोबर तिथे. पूजा करून मी लगेच गाणं लावलं होतं. पडद्यावर वीज चढली आणि त्याने आपलं काम केलं, समोर होतं ते ओढून घेतलं.

माझ्या हाताने लावलेलं मलाच आठवलं नाही. आठवायची गरजच पडली नाही, कारण जाळी बाहेरून स्वच्छ होती, आणि माझ्याकडे दोष द्यायला माणूस तयार होतं. एका स्पीकरसाठी मी वायरी अदलाबदल केल्या, भाग बदलून पाहिले, अंधार करून डोळे फोडले. मावशींच्या बाबतीत यातलं काहीही केलं नाही. आणि वर त्यांना म्हणालो, पूजा आपल्या घरी करा. त्या वाक्याची आठवण आली की अजूनही मेल्याहून मेल्यासारखं होतं.

मी लगेच उठून कुसगावला गेलो असं लिहिता आलं असतं तर बरं झालं असतं. तसं झालं नाही. आज पाय दुखतोय, उद्या पाहुणे येणारेत, परवा दिवाळीची खरेदी. फाटक्या आवरणासारखंच हेही मी आज करू उद्या करू म्हणत ढकललं. बायको मला काही म्हणत नव्हती. ती स्वतः फरशी पुसत होती, तिची कंबर धरली होती, आणि मी तिला मदत करायला गेलो की फडकं माझ्या हातातून काढून घेत होती. स्पीकर लावला की ती आत जायची. नंतर मीही लावेनासा झालो. इतका सुरेल आवाज, पण ऐकवेना. शेवटी एका सकाळी स्कूटर काढली.

मावशींचं घर सापडायला वेळ लागला, कारण कधी गेलोच नव्हतो. दोन खोल्या, अंगण शेणाने सारवलेलं, आत बुद्धाची लहानशी मूर्ती आणि तिच्यापुढे विझवलेली मेणबत्ती. मावशी तांदूळ निवडत होत्या. मला बघून उठल्या, खुर्ची दिली, पाणी दिलं. मी पाणी हातात धरूनच उभा राहिलो आणि म्हणालो, "मावशी, कुंकू मी लावलं होतं. दसऱ्याला. माझ्याच हाताने."

"मला म्हाईत व्हतं," त्या म्हणाल्या.

त्यांनी सूप परत मांडीवर घेतलं आणि सांगितलं. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी त्या कामाला आल्या तेव्हा त्यांनीच जाळीवरची ती दोन बोटं पुसून काढली होती. मिक्सरवरचं पुसलं, फ्रिजवरचं पुसलं, तसंच तेही. दरवर्षी तसंच पुसतात. मी सांगून ठेवल्याप्रमाणे, कोरड्या फडक्याने, वरून खाली, दाब न देता. जाळी एवढी स्वच्छ का होती ते मला तेव्हा कळलं. माझी चूक त्यांनी माझ्याच नियमाने पुसून टाकली होती.

मग त्यांनीच मला विचारलं, त्यांच्या पुसण्याने तर ते आत गेलं नसेल ना. एवढे दिवस घरी बसून त्या याचा विचार करत होत्या! मी नाही म्हणालो, ठामपणे नाही म्हणालो. पूजा झाल्या झाल्याच ते आत गेलं होतं, आवरण फाटलेलं होतं आणि ते मला माहीत होतं, हेही सांगितलं. त्यांनी मान हलवली, पण पटलं की नाही कळलं नाही.

"मग तुम्ही तेव्हाच बोलला का नाहीत?" मी विचारलं.

"तुमी इचारलं कुटं, भाऊ? तुमी तर सांगत व्हता."

मी हात जोडले. त्या संकोचून उठल्या, आसं करू न्हाई, तुमी मोटं हायसा, म्हणाल्या. मोठा! परत या म्हटलं तर लगेच हो म्हणाल्या नाहीत. तांदळातला एक खडा काढून बाजूला टाकला आणि म्हणाल्या की आधी त्या दोन घरांना सांगा. पुढे असंही म्हणाल्या की गेलेलं काम जाऊ दे, ते मिळतं, पण सोसायटीच्या फाटकातून आत येताना लोकांनी पिशवीकडे बघू नये.

मी त्याच दिवशी दोन्ही घरी गेलो. संध्याकाळी फाटकाशीही सांगितलं, जिथे आधी सांगितलं होतं तिथेच. चूक माझी, कुंकू माझं, मावशींचा काडीचा संबंध नाही. पहिल्या वेळी सगळ्यांनी कान टवकारून ऐकलं होतं. या वेळी कुणी हसलं, कुणी म्हणालं होतं असं कधी कधी, आणि विषय दिवाळीच्या फराळावर गेला. दोन्ही घरांनी तोवर दुसरी बाई लावली होती. तिला आता काढायचं कसं, त्या घरच्या बायका म्हणाल्या, आणि त्यांचंही चुकीचं नव्हतं. मी जे जाळलं होतं त्यातलं मला दुरुस्त करता आलं ते फक्त माझ्या हॉलमधलं.

मावशी परत आल्या. फक्त आमच्याकडे. त्या दोन घरांच्या वेळेत आता एका हॉटेलात भांडी घासतात, तिथून भिजलेल्या पदराने आमच्याकडे येतात. बायकोशी पूर्वीसारखंच बोलतात. वैशाखात खीरही आली. मी ती वाटी हातात घेतली आणि पहिल्यांदा त्यांना विचारलं की त्या दिवशी तुम्ही काय काय करता. त्यांनी सांगितलं, थोडक्यात. यंदाच्या दसऱ्याला मी हळद-कुंकू लावलं ते फक्त स्कूटरला. बाकीच्यांपुढे नुसतं फूल ठेवलं.

माझ्यावर मावशींचा राग नाही. राग असता तर सोसला असता. पण एक गोष्ट बदलली आहे. पूर्वी त्या फडकं घेऊन सरळ स्पीकरपाशी जायच्या. आता हॉलच्या उंबऱ्याशी थांबतात. मी पेपर वाचत असलो तर मी मान वर करेपर्यंत थांबतात, आणि विचारतात, "ह्ये पुसू का, भाऊ?" रोज विचारतात. मी सांगून बघितलं, रागावूनही बघितलं, की मावशी, या घरात तुम्ही काही विचारायचं नाही, तुमच्या हाताइतका मला माझ्या हाताचा भरवसा नाही. त्यांनी ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा उंबऱ्याशी उभ्या, हातात कोरडं फडकं.

"विचारता कशाला, मावशी?" मी म्हणालो.

"इचारल्यालं बरं आस्तं," त्या म्हणाल्या, आणि मी हो म्हणेपर्यंत तिथेच उभ्या राहिल्या.